उपजीविका-अंतर

बावन्न वर्षे मालन सातपुतेचे जग एका वितीत मावत होते. नाकापासून वीतभर अंतरात जे काही येई ते तिला लखलखीत दिसे: चामड्याच्या वादीचा पीळ, आरीने पाडलेले भोक, तांदळातला खडा, झोपलेल्या लेकीच्या पापण्या. वितीपलीकडे धुके सुरू होई. त्या धुक्यात कोल्हापूर नावाचे शहर आहे, शहराला एक तळे आहे आणि तळ्याला पैलतीरही आहे, हे तिला विश्वासू माणसांकडून समजले होते.

ती कोल्हापुरी चपलांच्या पट्ट्यांवर बसणारी वेणी विणत असे. विणताना तिचे नाक जवळजवळ चामड्याला टेके. कार्यशाळेला भेट द्यायला येणारे पाहुणे या दृश्याने भारावून जात. एका विदुषीने तर तिच्या वाकलेल्या मानेचे छायाचित्र काढून त्याखाली ‘साधना’ असा शब्द छापला होता. त्या मानेला चष्मा मिळाला असता तर ती सरळ झाली असती, हा विचार त्या छायाचित्राच्या कौतुकसोहळ्यात कोणाला सुचला नाही. सुसंस्कृत समाजात दुसऱ्याच्या दुखण्याला सौंदर्य म्हणण्याची सोय फार पूर्वीपासून आहे.

मग राज्य दृष्टिसाहाय्य मंडळाची गाडी पाणंद पेठेत आली.

गाडीतून उतरलेला अधिकारी अभिराम दातार हा तिशीतला, सौम्य आणि जरा घामाघूम झालेला मनुष्य होता. त्याने भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला नाही, की मालनला किती बोटे वर आहेत असे विचारले नाही. त्याने एक काळसर चौकट तिच्या कानांवर बसवली आणि म्हणाला, “ताई, काही करू नका. नुसतं बसा.”

“नुसतं बसायचं कसं असतंय?” मालन म्हणाली. ते तिला खरोखरच ठाऊक नव्हते.

चौकटीतून न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक मंद किरण तिच्या बुबुळातून आत शिरला, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटून परतला आणि येताना डोळ्याच्या घडणीतला सारा वाकडेपणा सोबत घेऊन आला. तो वाकडेपणा म्हणजेच चष्म्याचा नंबर. पूर्वी हा नंबर काढून काच घासावी लागे आणि वय वाढले की नवी काच करावी लागे. या चौकटीत काच कायमची होती, परंतु तिच्या पोटात द्रव स्फटिकाचे पातळ थर होते. त्यांना विजेचा किंचित स्पर्श झाला की त्यातले कण कूस बदलत आणि प्रकाश हवा तितका वळे. नजर जवळ आली की दोन्ही बुबुळे नाकाकडे झुकतात, लांब गेली की सरळ होतात. तो कोन आणि चौकटीतला सूक्ष्म अंतरमापक यांवरून चष्म्याला कळे की माणूस कुठे पाहत आहे, आणि पापणी लवायच्या आत तो तिथले चित्र स्पष्ट करून देई. डोळे बदलले, नव्हे माणूसच बदलला, तरी तोच चष्मा श्वासभरात नव्या डोळ्यांशी जुळवून घेई.

मालनला यातले काही सांगितले गेले नाही. तिला एवढेच कळले की धुके फाटले.

आधी भिंत आली. मग भिंतीवरची पाल आली. मग समोर बसलेली इंदू नलवडे आली, जिच्या शेजारी मालन वीस वर्षे बसत होती आणि जिला ती आवाजावरून, बांगड्यांवरून आणि शिव्यांवरून ओळखत होती.

“इंदे,” मालन बराच वेळ निरखून म्हणाली, “तुला मिशी हाय की गं.”

“हाय की,” इंदू म्हणाली. “वीस वर्सं तुझ्यापुढं मिरवाय लागलीया. आता दिसली व्हय तुला.”

कार्यशाळा हसून लोटपोट झाली. त्या दिवशी तिथल्या सगळ्या बायकांना चष्मे मिळाले. कोणी आरशापुढून हलेना, कोणी खिडकीपुढून. मालन गच्चीवर गेली आणि तिने लांबवर चमकणारी पाण्याची रेघ पाहिली. पैलतीराबद्दल लोक खोटे बोलत नव्हते.

चष्म्याची किंमत एखाद्या दुचाकीएवढी होती. त्याचे भाडे दर महिन्याला मंडळ भरणार होते. अट एकच होती, आणि दातारने ती सांगताना नजर थोडी बाजूला वळवली.

“ताई, ही मदत उपजीविकेसाठी आहे. म्हणजे कामापुरती. तुमच्या कामाचं उपजीविका-अंतर चाळीस सेंटिमीटर धरलंय. त्याच्या आत कितीही बघा. त्यापलीकडे अधूनमधून बघायला हरकत नाही, पण फार बघितलंत, तर चष्मा मंडळाला कळवेल. तीन सूचना येतील. तिसरी आली, की त्या रात्री काच झोपेल.”

“झोपंल?”

“साधी काच होईल. पुन्हा जागी होत नाही.”

“म्हंजे वीतभर दिसत हुतं, ते सरकारनं हातभर केलं,” मालन म्हणाली.

दातारने पिशवी उघडली. त्याने तिला योजनेचे पत्रक दिले, आणि ते तिने पहिल्यांदाच हात लांब करून, ताठ बसून वाचले.

योजनेमागचे तत्त्व असे होते. गरिबाला डोळे कशासाठी हवेत, या प्रश्नावर तज्ज्ञांची एक समिती दोन हिवाळे बसली होती. सदस्य बहुश्रुत होते. त्यांतल्या प्रत्येकाच्या नाकावर चष्मा होता आणि त्यांतल्या एकालाही तो काय पाहण्यासाठी दिला आहे असे आजवर कोणी विचारले नव्हते. समितीचा निष्कर्ष असा, की सार्वजनिक पैशाने दिलेली दृष्टी उत्पादक असली पाहिजे. आता शेकडो धंद्यांतले कोणते काम किती अंतरावर होते, हे समितीला माहीत नव्हते. कामगारांना विचारणे हा पर्याय होता, तो विचारात घेतल्याची नोंद आढळत नाही. त्याऐवजी ते यंत्राने शिकावे असे ठरले. एखाद्या जिल्ह्यातले एका धंद्याचे सारे लाभार्थी सर्वाधिक एकाग्रतेने कुठे पाहतात, हे चष्म्यांनीच कळवायचे, आणि त्यावरून दर तिमाहीला त्या धंद्याचे उपजीविका-अंतर आपोआप ठरायचे. एकाग्रता मोजणे सोपे होते. मन एखाद्या गोष्टीत गुंतले की बाहुल्या रुंदावतात आणि पापण्या लवायच्या थांबतात. माणूस सर्वाधिक एकाग्र आपल्या कामावर असतो, हे गृहीतक समितीने एकमताने मान्य केले. अशा गृहीतकाला एकमत मिळवायचे असेल तर हाताने काम केलेला एकही माणूस खोलीत नसावा लागतो, आणि ती काळजी घेतलेली होती.

पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरात लिहिले होते की यंत्राने ठरवलेले अंतर अंतिम असून त्याविरुद्ध कोणालाही, कोणत्याही कारणास्तव दाद मागता येणार नाही. गरीब माणसे दाद मागत बसतात आणि कारभार खोळंबतो, असा मंडळाचा अनुभव होता.

*

मालनला ही अट पहिल्या आठवड्यात जाचली नाही, कारण तिला अजून हातभर जगाचीच नवलाई होती. ती जाचली पुढच्या रविवारी, कारण रविवारी फुटबॉल होता.

कोल्हापुरात माणूस कुठल्या पेठेत जन्मला त्यावरून तो कोणत्या तालमीच्या संघासाठी घसा फोडणार हे ठरते, आणि त्याबाबतीत पुढे मतपरिवर्तनाची सोय नाही. मालनची लेक दुर्वा पाणंद तालमीच्या महिला संघाची गोलरक्षक होती. तिचा एकही सामना मालनने चुकवला नव्हता आणि एकही पाहिला नव्हता. ती नवऱ्याशेजारी सिमेंटच्या पायरीवर बसे आणि तिचा नवरा दिनकर तिला सामना सांगे.

दिनकर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. त्याचे सांगणेही वाजवण्यासारखेच होते. आधी खालच्या पट्टीत संथ सुरुवात, मग चढत चढत, आणि गोलाच्या तोंडाशी अशी काही तान घेई की मागच्या पायरीवरचे अनोळखी लोकही मैदानाऐवजी त्याच्याकडे पाहू लागत. “आली बघ, आली, डावीकडनं आली, आपली दुर्वा फुडं सरली, आणि झेप घेतलीया मालन, अशी झेप, घारीवाणी, बोटाच्या टोकानं बॉल बाहीर.” मालन डोळे मिटून ऐके. त्यांच्या संसारात दोघांनी मिळून उपभोगलेली अशी फारशी चैन नव्हती. ही होती.

त्या रविवारी मालनने डोळे मिटले नाहीत. मैदान हिरवे होते हे ठीक, पण ते एवढे मोठे असेल हे तिला वाटले नव्हते. पलीकडच्या टोकाला गोलाच्या चौकटीत पिवळ्या अंगरख्यात तिची लेक उभी होती, अंगठ्याएवढी, आणि तिने हातमोजे ओले करण्यासाठी त्यावर थुंकलेलेसुद्धा मालनला दिसले.

“आली बघ,” दिनकर सांगू लागला. “उजवीकडनं आली, दुर्वा झेपावली, जमिनीला समांतर, मालन, जमिनीला समांतर.”

दुर्वा झेपावली नव्हती. ती दोन पावले शांतपणे बाजूला सरकली होती आणि चेंडू बरोबर तिच्या छातीवर येऊन विसावला होता. ती मुळी झेपावतच नसे. चेंडू कुठे येणार हे तिला आधी कळे आणि ती तिथे जाऊन नुसती उभी राहत असे. मालनला हे पाहून इतका आनंद झाला की नवऱ्याचे बोलणे चुकीचे आहे हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

ती हळूच म्हणाली, “अहो, त्यो पलीकडं पिवळी छत्री घेऊन कोण बसलाय?”

पलीकडे छत्री नव्हती. पिवळी नव्हती, कोणत्याच रंगाची नव्हती.

“त्यो व्हय,” दिनकर मैदानाकडे रोखून पाहत म्हणाला. “असंल कोणतरी चिंचबन पेठवाला. त्यास्नी लई हौस छत्र्यांची.”

मालनने त्याच्याकडे पाहिले. चष्म्याने तिला त्याचे डोळे स्वच्छ दाखवले. ते सामन्याच्या दिशेने वळलेले होते, सामन्यावर नव्हते. मैदानाच्या गोंगाटाकडे त्याने डावा कान किंचित पुढे काढला होता. बुटाचा आवाज, हातमोज्याचा आवाज, खांबाचा आवाज, कुठल्या बाजूचे लोक कुठल्या सुरात ओरडतात ते: एवढ्या सामग्रीवर हा मनुष्य वर्षानुवर्षे तिला सामने रचून देत आला होता.

चष्म्याच्या काचेच्या कोपऱ्यात तेवढ्यात एक तांबडा ठिपका उमटला. ती पहिली सूचना होती. दुसरी त्यानंतरच्या रविवारी आली, उपांत्य सामन्यात.

*

“बाबास्नी दिसत न्हाई ते मला कवाचं ठावं हाय,” दुर्वा जेवता जेवता म्हणाली. दिनकर वरातीला गेला होता. “घरी येऊन मला माझीच मॅच सांगत्यात. मी खेळले त्यापेक्षा लई भारी असतीया.”

“मग बोलली न्हाईस कधी?”

“तूच बोलून बघ की.”

मालनने रात्री विषय काढला, पण सरळ काढला नाही. ती म्हणाली, मंडळाची गाडी पुन्हा येणार आहे, तुम्हीही डोळे दाखवा. दिनकरने क्लॅरिनेटच्या तोंडाची पिपाणी पुसणे थांबवले नाही.

“दाखवलं हुतं. तुमा बायकांच्या आदी.”

“मग?”

“बँडवाला म्हटल्यावर त्या मशिनीनं उपजीविका-अंतर शून्य दाखवलं. साहेब म्हणाला, गाणी कानानं उचलता, बोटं आपोआप चालत्यात, म्हंजे तुमच्या धंद्याला डोळं लागत न्हाईत. साहेब बिचारा चांगला हुता. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका.” त्याने पिपाणी दिव्यापुढे धरून पाहिली, किंवा पाहिल्यासारखे केले. “तुला छत्रीवरनं कळलं न्हवं? मला वाटलंच. आपल्या बायकोला छत्रीत कवापासनं रस, म्हटलं.”

“मला खोटं का सांगितलंसा इतकी वर्सं?”

“खोटं कुठं? तिनं गोल अडवला, हे खरंच असायचं की. कसा अडवला तेवढं मी घालायचो.” पिपाणी खाली ठेवून तो म्हणाला, “दोघांस्नीबी दिसत न्हाई असं म्हणून घरात बसलो असतो, तर बरं झालं असतं का?”

मालनला राग येण्याची वेळ होती, पण तो आला नाही. तिला आला तो हिशेब, आणि तो भयंकर होता. पुढच्या रविवारी अंतिम सामना होता, पाणंद विरुद्ध चिंचबन. गेली तर तिसरी सूचना, आणि काच कायमची झोपणार. मग पुन्हा नाक चामड्याला, मान वाकलेली, आणि बोटांत आरी. न गेली तर लेकीच्या आयुष्यातला सर्वात मोठा सामना तिच्या घरातल्या एकाही माणसाने पाहिलेला नसणार. बाप तो रचून सांगेल. तो फार सुरेख असेल.

“नको येऊस, आई,” दुर्वा म्हणाली. “चष्मा ऱ्हाऊ दे. मी जिंकून येते आणि मग मी सांगते तुला, कसं झालं ते.”

मालनने होकार दिला. शनिवारपर्यंत ती होकारावर ठाम राहिली.

शनिवारी कार्यशाळेत तिने इंदूला सांगितले की उद्या ती येणार नाही. इंदू नलवडे चिंचबनची होती. आठवडाभर त्या दोघी एका चटईवर बसत, एका डब्यातले खात, आणि मोसम सुरू झाला की एकमेकींच्या पेठेचा उद्धार करत.

इंदूने वादी दातात धरून ताणली. “चष्म्याचं निमित्त हाय. पोरगी पाच गोल खाणार, ते डोळ्यांनी बघवायचं न्हाई, असं सरळ म्हण की.”

“तुमच्या पोरींस्नी गोल कुठल्या बाजूला असतोय तेवढं आदी शिकवा.”

“मग ये की बघाय. ठिपक्याला भितीस? मलाबी आल्यात की दोन. माडीवरनं लेकाचा संसार बघितला म्हणून.”

“तुझं काय जातंय, मी न्हाई आले तर?”

“माझं?” इंदूने वादी खाली ठेवली. “तू न्हाई आलीस तर मी शिव्या कुणाला घालू? तिथं समद्या परक्या बायका.”

मालन विणत राहिली. वेणीचे तीन पेड बोटांतून आपोआप सरकत होते. त्यांच्याकडे पाहण्याची गरज तिला अठराव्या वर्षीच संपली होती, आणि हातभर अंतरावरच्या त्या पट्टीकडे पाहता पाहता तिच्या लक्षात आले की ती पट्टीकडे पाहतच नाही. तिला हिरवे मैदान दिसत होते.

“येते मी,” ती म्हणाली. “काच झोपली तर झोपली. वितीवर पन्नास वर्सं काढली, हायेत तेवढी काढीन. पण इंदे, आमच्या पेठेच्या समद्या बायका घेऊन येते. तुझा आवाज ऐकूच यायचा न्हाई.”

इंदूच्या चेहऱ्यावर पेठेचा अपमान झाल्याची कळा आली. “असं व्हय. मग आमीबी समद्या येतो. पाणंदचा आवाज चिंचबनपेक्षा मोठा हुणार न्हाई, चष्म्याचं काय वाट्टेल ते हू दे.”

यामागे कोणतीही योजना नव्हती. मागाहून या घटनेवर जे दोन प्रबंध लिहिले गेले, त्यांत ‘संघटित प्रतिकार’ असा शब्द आहे, तो चुकीचा आहे. जिल्ह्यात चष्मे मिळालेल्या, वेण्या विणणाऱ्या बायका या दोन पेठांतच राहत होत्या, आणि रविवारी त्या झाडून साऱ्या मैदानावर गेल्या, ते निव्वळ एकमेकींना ओरडण्यात हरवण्यासाठी.

*

सामना सुरू झाला तेव्हा मैदानाच्या एका बाजूला पिवळे बावटे होते, दुसऱ्या बाजूला लाल, आणि दोन्ही बाजूंना शेकडो काळसर चौकटी. दहा मिनिटांत त्यांतल्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका लुकलुकू लागला. कोणी तो पाहिला नाही, कारण पाहायला दुसरे बरेच काही होते.

मालनने पूर्वार्ध अधाशासारखा पाहिला. चिंचबनच्या मुली चपळ होत्या. त्यांनी तीनदा धडक मारली आणि तीनदा दुर्वा आधीच तिथे उभी होती. मालनचा श्वास अडके, पापण्या थिजत, बाहुल्या रुंद होत, आणि चष्मा हे सारे इमानदारीने वर कळवत होता. दिनकर शेजारी गप्प बसला होता. आता सांगण्याला काय अर्थ, असे त्याला वाटले असावे.

मध्यंतरात मालनने चष्मा काढला आणि त्याच्या कानांवर बसवला.

“अगं, काय करतीस?”

“नुसतं बसा.”

काचेतले कण कूस बदलत होते. दिनकरने आधी मैदानाकडे पाहिले नाही. तो बायकोकडे पाहत राहिला.

“तुझं केस पांढरं झाल्यात की,” तो म्हणाला.

“तुमचं तर कवाच गेल्यात. मी कधी बोलले?”

मागून कोणीतरी हसले. मग मागच्या बाईने आपला चष्मा काढून आपल्या आईला दिला. समोर लाल बावट्यांत इंदूने आपला चष्मा सासूच्या नाकावर चढवला आणि सासूने पहिल्यांदा सुनेची मिशी पाहिली, असे पुढे कार्यशाळेत सांगितले जाई. आज ना उद्या झोपायचेच आहे काचेला, तर झोपण्यापूर्वी सगळ्यांनी पाहून घ्यावे, हा विचार त्या पायऱ्यांवरून वाऱ्यासारखा गेला. उत्तरार्धात चौकटी हातोहात फिरत राहिल्या. प्रत्येक काच क्षणभर गढूळ होई, नव्या डोळ्यांत डोकावे आणि पुन्हा स्वच्छ होई.

वेळ संपली तेव्हा गोल कोणाचाच झाला नव्हता. पेनल्टीवर निकाल लागणार होता. मालनने चष्मा परत घेऊन पहिल्या चार फेऱ्या पाहिल्या. पाचवीतली पाणंदची पाळी संपली तेव्हा पाणंद एकाने पुढे होते. चिंचबनची शेवटची मुलगी चेंडू ठेवून मागे गेली. तिने गोल केला तर बरोबरी, चुकला तर चषक पाणंदचा. दुर्वाने हातमोज्यांवर थुंकले.

मालनने चष्मा काढून नवऱ्याला दिला.

“मालन, ही फेरी तू बघ. एवढं समदं करून आलीस.”

“मी लई बघितलं. तुमी बघा. आणि मला सांगा.”

धुके परत आले. मालनने डोळे मिटले. मैदान इतके शांत झाले की कुठेतरी भेळवाल्याच्या कढईवर उलथने वाजलेले ऐकू आले. ती वाट पाहत राहिली. खालची पट्टी आली नाही, चढण आली नाही, तान आली नाही. शिट्टी वाजली. बुटाचा आवाज झाला. दिनकर बोलतच नव्हता.

“अहो, सांगा की.”

मग तिच्या चारी बाजूंनी आवाज फुटला, आणि तो पिवळ्या बाजूचा होता.

“काय झालं? अहो, काय झालं?”

“उभी ऱ्हायली,” दिनकर म्हणाला. त्याच्या आवाजाला कोणतीच पट्टी सापडत नव्हती. “झेप न्हाई, काय न्हाई. नुसती उभी ऱ्हायली. बॉल तिच्या हातात आला.”

दिनकरने मालनला सांगितलेला हा पहिला तंतोतंत खरा बचाव होता.

*

सोमवारी सकाळी मालनने चष्मा हातात घेतला आणि बराच वेळ घातला नाही. मग घातला. भिंत दिसली. भिंतीवरचे कॅलेंडर दिसले. खिडकीतून पाण्याची रेघ दिसली. तांबडा ठिपका गेला होता.

दुपारी अभिराम दातार कार्यशाळेत आला. रात्री त्याला झोप मिळालेली दिसत नव्हती.

“ताई,” तो म्हणाला, “रविवारी तिमाही संपली. काचा झोपायच्या आत यंत्रानं नवीन अंतर काढलं. जिल्ह्यातल्या सगळ्या वेणी कारागिरांची एकाग्रता त्याला एकाच ठिकाणी सापडली. आजवरच्या साऱ्या कामात मिळून नव्हती, एवढी दोन तासांत.” त्याने घाम पुसला. “वेणी विणण्याचं उपजीविका-अंतर आता सत्तर मीटर आहे.”

वाद्या ओढायच्या थांबल्या. आरीसुद्धा थांबली.

“आणखी आहे. एकाग्रतेच्या ऐन क्षणी प्रत्येक चष्म्यात दुसऱ्याच माणसाचे डोळे सापडले. त्यावरून यंत्राचा निष्कर्ष असा, की हे काम एका माणसाच्या डोळ्यांनी होत नाही. प्रत्येक कारागिराला दुसरी जोडी मंजूर झाली आहे.”

“चूक झालीया म्हणून परत घेणार न्हाईत न्हवं?” इंदूने विचारले.

“कोणालाही, कोणत्याही कारणास्तव दाद मागता येत नाही,” दातार म्हणाला. त्याने हे वाक्य अनेक पेठांत अनेकदा उच्चारले होते. ते उच्चारताना हसू येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्याने ते फारसे लपवले नाही. “मंडळानं दाद मागायचा प्रयत्न सकाळीच केला. यंत्रानं तो फेटाळला. पण मला अहवालात कारण लिहावं लागेल. वेणी विणायला सत्तर मीटर कशाला दिसावं लागतं, ते सांगा काहीतरी.”

मालनने वादी ओढून घट्ट केली. ती ताठ बसली होती.

“आमी केलेली चप्पल कुठवर चालत जातीया, ते बघाय नको का, साहेब?”

दातारने ते तसेच लिहिले. समितीने ते वाचले, गंभीरपणे चर्चिले आणि ‘कारागिराची वस्तूशी असलेली दूरस्थ बांधिलकी’ अशा शीर्षकाखाली योजनेच्या तात्त्विक भूमिकेत समाविष्ट केले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतले विडी कामगार, शिंपी आणि सोनार त्या परिच्छेदाचा आधार घेऊन तमाशाला, जत्रेला आणि लेकींच्या गावच्या डोंगराला गेले, आणि त्यांचीही उपजीविका-अंतरे सन्मानाने वाढत गेली. समिती अजून बसते. आपल्या प्रमेयाच्या दूरदृष्टीबद्दल तिने स्वतःचे अभिनंदन केल्याचे इतिवृत्तात आहे.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला मालन आणि दिनकर नेहमीच्या पायरीवर बसले, दोघांच्या नाकांवर दोन चष्मे. पूर्वार्धभर दोघेही काही बोलले नाहीत. पाहण्यात वेळ गेला. मधूनमधून दोघे एकदमच “आं” करत आणि मग एकमेकांकडे पाहत.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला मालनने आपला चष्मा काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

“काय झालं?” दिनकरने विचारले. “डोळं दुखत्यात?”

“न्हाई. तुमी सांगा.”

“अगं, आता मला दिसतंय. दिसतंय तसंच सांगावं लागंल.”

“कुणी सांगितलं?”

दिनकर थोडा वेळ मैदानाकडे पाहत राहिला. पलीकडच्या टोकाला दुर्वा कमरेवर हात ठेवून उभी होती आणि चेंडू तिच्यापासून फार लांब, दुसऱ्याच कोणाच्या तरी पायात होता. आकाश निरभ्र होते. त्याने खाकरून घसा साफ केला आणि खालच्या पट्टीत सुरुवात केली.

“तर मालन, त्यो आलाय बघ आज. पलीकडं, वरच्या पायरीवर. पिवळी छत्री घेऊन.”